तय्यबभाईचा कान

हातोडीचा टोला पडला आणि आवाज आला, ठप्प. टण्ण्ण् नाही, घंटेसारखा लांबत जाणारा तर मुळीच नाही. ओल्या भिंतीवर कुणी मूठ मारावी तसा, जागच्या जागी मेलेला ठप्प. तो सदफच्या कानात शिरला आणि बाहेर पडायचं नाव घेईना. समोर चेनपुलीला तारेने टांगलेला क्रँक अजून जरासा डुलत होता. इंजिनाच्या पोटातला हा वाकडातिकडा जड दांडा, पिस्टनची खालीवर उडी ज्याच्यामुळे चाकाची गरगर होते. त्याच्या पलीकडे अब्बा, हातात छोटी पितळी हातोडी, मान किंचित तिरकी, डोळे तिच्याकडे. बाजूला सुकन्याताई, कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे, ड्रायव्हरच्या सीटवर बसून बसून मळलेली ओढणी. आणि अब्बा म्हणाले, "गातोय, ताई. नुसता गातोय. वरून जरा झिजलाय, तेवढा लेथवर घासून घेऊ आन् हाच टाकू. नव्याची गरज न्हाई." सुकन्याताईंनी काय ऐकलं कुणास ठाऊक, पण मान डोलावली. तय्यबभाईच्या कानापुढे मान डोलावायचीच असते. नांदेडच्या देगलूर नाक्यावर एवढी गॅरेजं आहेत, पण हिमायतनगरचा ट्रॅक्टर असो की उमरीचा टेम्पो, जुना क्रँक पुन्हा टाकायचा की भंगारात द्यायचा हे ठरवायला लोक इथे येतात. टोला मारायचा, ऐकायचं. आतून धड असेल तर लोखंड गातं, आत कुठे तडा असेल तर गळा धरल्यासारखं गप्प होतं. बस. आणि आत्ता ते गप्प झालं होतं. सदफने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, आणि अब्बा म्हणत होते गातोय.

तिने तोंड उघडलं आणि मिटलं. खरं तर तोंड मिटण्याचा जमाना तिच्यापुरता संपला होता. मागच्या वर्षापर्यंत वर्गात तिचा आवाज पहिल्या बाकापर्यंतसुद्धा पोचत नसे, बाई म्हणायच्या, सदफ, उंदीर गिळलास का? आणि त्याच सदफने आज सकाळी शाळेच्या हॉलमध्ये, हातात कागद न घेता, माइक धरून, सगळ्या शाळेसमोर असं भाषण ठोकलं होतं की टाळ्या थांबेनात आणि मुख्याध्यापकांना उठून हात वर करावा लागला. त्या टाळ्या अंगात भरूनच ती गॅरेजमध्ये आली होती. दप्तर फेकलं होतं, गणवेशावरच जुना शर्ट चढवला होता, गाल दुखेपर्यंत हसू येत होतं. अशा मुलीने म्हणायला हवं होतं, अब्बा, पुन्हा वाजवा, मला बरोबर वाटला नाही. पण सुकन्याताई उभ्या होत्या, आणि गिऱ्हाइकासमोर अब्बांच्या कानाला नाट लावणं म्हणजे जुम्म्याच्या गर्दीत त्यांच्या डोक्यावरची टोपी ओढण्यासारखं. शिवाय तोपर्यंत मनात दुसरंच काहीतरी सरपटत आलं होतं. अब्बांनी ऐकलंच असणार. ज्याच्या कानावर आख्खा नाका विश्वास टाकतो त्याला हा ठप्प ऐकू आला नसेल? मग ते खोटं का बोलले?

का, याची कारणं शोधायला वेळ लागला नाही, संशयाला कारणं आपोआप सापडतात. नवा क्रँक हैदराबादहून मागवावा लागेल, तो येईपर्यंत गाडी अडून राहील, आणि सुकन्याताईंना घाई. त्यांची व्हॅन मुरुडच्या आसपासच्या खेड्यांतली पोरं घेऊन लातूरला शाळेत पोचवते. रविवारी नांदेडला लग्नाला आल्या आणि लोह्याच्या अलीकडे इंजिनाने जीव सोडला. तेव्हापासून नणंदेकडे मुक्काम, पोरं वडापच्या जीपमध्ये कोंबून जाताहेत आणि पालक दुसरी गाडी बघू लागलेत. "माझी गाडी गेली तर माझं सगळंच गेलं, भाऊ," असं त्या काल म्हणाल्या होत्या. म्हणजे अब्बांनी घाईपायी ठोकून दिलं? की दयेपोटी? दयेपोटी तडा गेलेला क्रँक टाकायचा, आणि मग एक दिवस रस्त्यावर, भरल्या व्हॅनमध्ये, तो मधोमध मोडायचा; इंजिन जाम, चाकं जाम, मागून उसाचा ट्रक. सदफला त्या व्हॅनच्या मागच्या काचेवर चिकटवलेलं कार्टूनचं स्टिकर आठवलं, अर्धं सोललेलं. कुणीतरी रोज बसल्या बसल्या नखाने ते सोलत असणार. तेवढ्यावरून तिला ते अख्खं पोर दिसलं, दप्तर, नाकाचा शेंबूड, सगळ्यासकट. आणि मग वाटलं, हा एकच का? आजवर अब्बा जितक्यांदा गातोय म्हणाले, त्यातले किती गात होते?

संध्याकाळी घरी अब्बा चहात खारी बुडवत बसले होते. फळीवर त्यांचा मोबाइल चिवचिवायला लागला. त्यांनी मान वळवली नाही. सदफ म्हणाली, "अब्बा, फोन." ते म्हणाले, "हाव, वाजू दे." आता हे काय? ऐकू आलेला फोन वाजू दिला, की ऐकू न आलेल्या फोनवर पांघरूण घातलं? ती उठली, पाणी प्यायच्या निमित्ताने त्यांच्या मागे गेली आणि अगदी साध्या, बारीक आवाजात म्हणाली, "अब्बा, दुकान पेटलं." खारी चहात बुडली. वर आली. तोंडात गेली. अब्बा शांतपणे चावत राहिले, आणि दारातून अम्मीचा आवाज आला, "काय बोललीस गं?" बिलकीस, तिची अम्मी, हातात भाजीची पिशवी घेऊन उभी होती. सदफ म्हणाली, "मजाक केला." अम्मीने पिशवी खाली ठेवली, अब्बांच्या खांद्याला बोट लावलं, त्यांनी वर पाहिलं तेव्हाच त्यांना विचारलं, अजून चाय होना क्या? आणि मग सदफजवळून जाताना हळूच म्हणाली, "मजाक पुढून करावा. मागून नाही."

म्हणजे अम्मीला माहीत होतं. सदफला वाटलं, आपल्याच घराच्या भिंतीत एक दार आहे आणि ते आपल्यालाच कधी दिसलं नाही. अम्मीचं ते खांद्याला बोट लावणं तिने किती वेळा पाहिलं होतं, आणि सबिहाला, आपल्या मैत्रिणीला, मोठ्या फुशारकीने सांगितलं होतं, आमचे अम्मी-अब्बा बघ, इतक्या वर्षांनी पण कसले रोमँटिक! सबिहाने उसासासुद्धा टाकला होता. आता त्या बोटाचा दुसराच अर्थ निघत होता आणि तिला त्याचा राग येत होता, जणू कुणी तिची आवडती ओढणी उसवून दाखवली, बघ, आतून किती ठिगळं. पण एक गोष्ट बसेना. अब्बांना बारीक आवाज ऐकू येत नसतील, तर गेल्या महिन्यात हिमायतनगरच्या ट्रॅक्टरचा क्रँक त्यांनी पहिल्याच टोल्याला कसा फेकला? मालक शेषेराव किती भांडला होता. आमच्या बापाच्या काळातला मजबूत माल हाय म्हणत होता. अब्बांनी ऐकलं नाही, आणि भंगारवाल्याने तो आपटला तेव्हा मोडून आत गंजलेला तडा निघाला होता. बहिऱ्या माणसाला हे जमतं? नाही जमत. म्हणजे त्यांना ऐकू येतं. म्हणजे फोनचं सोंग, खारीचं सोंग. म्हणजे आज ते खोटंच बोलले. विचार फिरून पुन्हा तिथेच येई, आणि प्रत्येक फेरीत अब्बा थोडे अधिक परके दिसत.

दुसऱ्या दिवशी शाळेत विज्ञानाच्या तासाला सर ध्वनीवरच काहीतरी लिहून देत होते आणि तिने एकही ओळ उतरवून घेतली नाही. ती आठवत होती, आपण गॅरेजमध्ये पहिल्यांदा कधी उभे राहिलो. आठवीची सुट्टी. अब्बा एकदम म्हणाले होते, चल दुकानात, मदत कर. नाक्यावरच्या बायांनी नाकं मुरडली होती, पोरीला ग्रीसमध्ये बुडवतोय. अम्मीने उलट म्हटलं होतं, बुडू दे, साबण स्वस्त आहे. सदफला आकाश ठेंगणं झालं होतं. ती डिझेलच्या टबात बेअरिंगं धुवायची, नटबोल्ट लावून ठेवायची, आणि टोला मारायची वेळ आली की अब्बा सांगायचे, "समोर उभी राहा. तिकडून उजेड येतो." उजेड कसला? उजेड तर शटरकडून, अब्बांच्या मागून यायचा, थेट तिच्या तोंडावर. पण तेव्हा तिला वाटायचं, आपण उभं राहिल्याशिवाय अब्बांचा टोलाच पडत नाही. आणि तेव्हाच कधीतरी तिने विचारलं होतं, अब्बा, दुसऱ्या गॅरेजवाले क्रँकला खडू का फासतात? ते खो खो हसले होते. "ज्यांचे कान गेले त्यांनी खडू फासावा, बेटा. तय्यबच्या दुकानात खडू येणार न्हाई." खरंच नव्हता. फळ्यावर हिशेब लिहायलासुद्धा ते कोळसा वापरत. शेवटची घंटा झाली तेव्हा सदफने फळ्याखालच्या कट्ट्यावरून खडूचे दोन तुकडे उचलले, मुठीत धरले आणि कुणी पाहिलं तर काय सांगायचं याचा विचार करत बाहेर पडली. कुणी पाहिलं नाही. खडू चोरणाऱ्यांवर कोण संशय घेतो.

तो शुक्रवार होता, शाळा दुपारीच सुटलेली. अब्बा जुम्म्याच्या नमाजला गेले, शटर अर्धं खाली. आतला अंधार ग्रीसच्या वासाचा. क्रँक अब्बांनी उतरवून लाकडी ठोकळ्यांवर ठेवला होता, उद्या लेथवर जायचा म्हणून. सदफने बाह्या वर केल्या. हे तिने मोबाइलवर पाहिलं होतं, पुन्हा पुन्हा पाहिलं होतं. क्रँकवर डिझेल ओतायचं, मुरू द्यायचं, मग चिंधीने अगदी कोरडा पुसायचा आणि वरून खडूची पूड फासायची. कुठे तडा असेल तर आत शिरलेलं डिझेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्यावर काळं उमटतं. ती पुसत होती आणि मनातल्या मनात म्हणत होती, पांढरा राहा, पांढरा राहा. मग तिच्या लक्षात आलं की आपण दोन्ही बाजूंनी अडकलोय. पांढरा राहिला तर आपला कान खोटा, काळा झाला तर अब्बा. खडू नखांत गेला, शर्टवर गेला, एक शिंक आली. क्रँक लग्नातल्या नवऱ्यामुलासारखा पांढराफटक होऊन पडला. तेलाच्या भोकांभोवती गोल डाग उमटले, ते उमटणारच. तिने श्वास सोडला. आणि मग मधल्या गोल भागाच्या काठाला, जिथे तो जाड पात्याला मिळतो त्या कोपऱ्यात, एक केस पडल्यासारखं दिसलं. तिने फुंकर मारली. केस उडाला नाही. तो लांबला. बघता बघता काठाने वळला, काळा झाला, ओला झाला.

शटर वर गेलं. पाठमोरी असूनही अत्तराच्या वासावरून तिला कळलं. अब्बा आत आले, डोक्यावर पांढरी जाळीची टोपी, आणि समोर त्यांच्या दुकानातला पहिला खडू. ओरडतील असं वाटलं. ते ओरडले नाहीत. उकिडवे बसले, त्या रेघेवरून अंगठ्याचं नख फिरवलं, एकदा इकडून, एकदा तिकडून.

"कुणी शिकवलं?"

"मोबाइलवर बघितलं."

"हं." नख अजून रेघेवरच होतं. "काल ठप्प वाजला होता?"

सदफने चिंधी खाली ठेवली. "तुम्हाला नाही ऐकू आला?"

अब्बांनी अंगठा चिंधीला पुसला, नीट, प्रत्येक पेर. मग म्हणाले, "तू हसत होतीस."

तिला आधी कळलंच नाही. कोण हसत होतं, केव्हा? आणि मग दोन वर्षांचे सगळे टोले एकदम वाजले. अब्बांची तिरकी मान, आणि डोळे. डोळे क्रँकवर कधी नव्हतेच. हिमायतनगरच्या ट्रॅक्टरच्या वेळी तिने, आता आठवलं, आंबट चिंच चावल्यासारखं तोंड केलं होतं, तो आवाज ऐकून तिचे दात शिवशिवले होते, आणि अब्बा क्षणात म्हणाले होते, भंगार. नाक्यावरचा तो नावाजलेला कान तिच्या तोंडावर होता, तिच्या भुवयांत, गालांत, दातांत. आणि काल तिचं तोंड टाळ्यांनी भरलेलं होतं.

"आठवीपासून?" तिने विचारलं, त्यांच्याकडे तोंड करून.

"त्याच्या जरा आधीपासून. बारीक आवाज गेले. आधी घुंगरू, मग फोन, मग लोखंड." ते हसले, पण ते हसू कुठे बसवावं हे त्यांना सुचलं नसावं. "उजेडाचं तेवढं खोटं सांगितलं तुला. बाकी जे सांगितलं लोकांना ते तुझ्या तोंडावर लिहिलेलंच सांगितलं. एकदा चुकलं न्हाई. काल चुकलं."

"मला सांगितलं असतं तर मी तोंडाने बोलले असते ना!"

"सांगितलं असतं तर तू माझ्यासाठी चेहरे केले असते. मला केलेले चेहरे नको होते." मग ते उठले, क्रँक पुन्हा तारेत अडकवला, उगाचच, हाताला काहीतरी काम हवं म्हणून. "सुकन्याताईला फोन लाव. सांग, लेथवाल्यानं न्हाई म्हणलं. नवा टाकावा लागेल."

"लेथवाल्याने कुठे पाहिलाय?"

"म्हणून काय झालं?" अब्बा तिच्याकडे न बघता म्हणाले, आणि सदफला पहिल्यांदा जाणवलं की बघायचं नाही असं ठरवणं म्हणजे त्यांच्यासाठी कान झाकून घेणं.

फोन लावायची वेळच आली नाही. सुकन्याताई स्वतःच रिक्षातून उतरल्या, हातात नणंदेने दिलेला डबा, गाडी कुठवर आली बघायला. अब्बांनी लेथवाला वगैरे काही काढलं नाही, एवढंच म्हणाले, "ताई, हा चालणार न्हाई. नवा लागतोय."

सुकन्याताईंनी डबा ठोकळ्यावर ठेवला. "काल तर गात हुता. रातीतनं गळा बसला का त्याचा?"

"तडा हाय आत. ही बघा रेघ."

त्या वाकल्या, पाहिलं, सरळ झाल्या. "बोटाला त्याल लावून असली रेघ म्या बी वढीन, तय्यबभाई. आमच्या मुरुडात बी गॅरेजवाले हायेत. पयल्या दिशी गोड, दुसऱ्या दिशी नवा माल. मला वाटलं तुमी तसले न्हाई. लोकं काय काय सांगत्यात तुमच्या कानाचं." आणि मग ओढणी कंबरेला खोचत म्हणाल्या, "वाजवा. माझ्याम्होरं वाजवा. काल गातोय म्हणालात, आज म्हणता न्हाई, मंग कोणचा दिस खरा ते मला कळू द्या."

अब्बांनी हातोडी उचलली. सदफ समोर उभी होती, जागेवरच, सवयीने. टोला पडला. ठप्प. सुकन्याताई म्हणाल्या, "वाजला की!" ज्याला गाणं माहीत नाही त्याला ठप्पही वाजलेलंच वाटतं. आणि अब्बांचे डोळे सदफच्या तोंडावर आले. किती सोपं होतं. तिने नाक मुरडायचं, दात आवळायचे, अब्बांनी ते वाचायचं आणि छातीवर हात ठेवून म्हणायचं, कालचा टोला हलका पडला ताई, आजचा नीट पडला, माझ्या कानावर विश्वास ठेवा. सुकन्याताईंनी कदाचित ठेवला असता. नाव राहिलं असतं. आणि उद्या उमरीचा टेम्पो आला असता, आणि सदफला पुन्हा समोर उभं राहायला सांगितलं असतं, आणि कधी परीक्षेत चांगले मार्क मिळाल्याच्या, कधी सबिहाशी भांडल्याच्या तोंडाने तिने कुणाचं तरी इंजिन पास नाहीतर नापास केलं असतं. आता तर तिला माहीत होतं की तिचं तोंड वाचलं जातंय. आता ते कधीच खरं राहणार नव्हतं. तिने गाल सैल सोडले. भुवया सोडल्या. ओठ सोडले. पाणी ओतून फरशी धुवावी तसं तोंडावरचं सगळं धुऊन टाकलं आणि कोऱ्या डोळ्यांनी त्यांच्याकडे बघत उभी राहिली.

अब्बांनी पुन्हा टोला मारला, जरा जोरात. वाट पाहिली. पुन्हा मारला. त्यांच्या कपाळावर घाम आला. एखादा माणूस रोजच्या जिन्यावर पाय ठेवतो आणि तिथे पायरी नसते, तसं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर झालं, आणि ते बघताना सदफला आपलं तोंड कोरं ठेवणं फार जड गेलं. पण तिने ठेवलं.

"बाप-लेक असं काय बघून राहिलात एकमेकाकडं?" सुकन्याताई म्हणाल्या. "काय हाय ते सांगा."

अब्बांनी हातोडी खाली ठेवली. टोपी काढली, पुन्हा घातली. "ताई, मला ऐकू येत न्हाई," ते म्हणाले. "काल बी आलं न्हवतं. पोरगी हसत हुती, मला वाटलं गातोय. रेघ तिनं काढली न्हाई, डिझेलनं काढली. तुमच्या गाडीत लेकरं बसत्यात. नवाच टाका."

सुकन्याताईंनी एकदा रेघेकडे पाहिलं. मग त्यांनी तोंडाजवळ हाताचा भोंगा केला आणि इतक्या मोठ्यानं ओरडल्या की पलीकडच्या पंक्चरवाल्याने टायरमधून डोकं वर काढलं. "मंग कालच सांगायचं न्हाई का, भाऊ! नवाच मागवा! कवा येतोय?"

"एवढ्या मोठ्यानं नको, ताई," अब्बा कसंनुसं म्हणाले. "मोठं ऐकू येतं. बारीक येत न्हाई."

पण आता उपयोग नव्हता. पंक्चरवाला बघत होता, चहावाला बघत होता, जुम्म्याहून परतणारे दोघे जण शटरापाशी रेंगाळले होते. संध्याकाळपर्यंत नाका जाणेल, आणि उद्यापासून सगळा नाका अब्बांशी असाच तोंडाला हात लावून, ओरडून बोलेल, जणू ते शेताच्या पलीकडच्या बांधावर उभे आहेत. हे आपण केलं, सदफला वाटलं. आपण तोंड पुसलं नसतं तर हे झालं नसतं. लेकरांसाठी केलं, ती स्वतःला म्हणाली. मग थांबली, कारण कालपासून ती ज्याच्या त्याच्यावर संशय घेत होती आणि आता फक्त एकच माणूस उरलं होतं.

सुकन्याताई तिच्याकडे वळल्या. आवाज एकदम खाली, साधा. "पोरी, तुला तर येतंय ना ऐकू? मंग नवा आला की तू वाजवून बघ. तू हाव म्हणालीस की टाकू देत. तुझ्या तोंडानं सांग, बापाच्या न्हाई."

"हाव," सदफ म्हणाली, आणि तो शब्द आख्ख्या गॅरेजमध्ये स्वच्छ ऐकू गेला, काल हॉलमध्ये गेला होता तसा. आणि त्याच क्षणी, छातीत कुठेतरी, लाज आणि रडू यांच्या खालून, एक उकळी फुटली. आनंदाची. तिला ती नको होती. आता कान तिचा होता, लोक तिला विचारणार होते, आणि ही गोष्ट तिला आवडली होती, याच मिनिटाला, अब्बा तिथे रिकाम्या हातांनी उभे असताना. ती उकळी गळ्याशी आली, गालांकडे निघाली. अब्बा वळून तिच्याकडे बघू लागले, सवयीने, आता काय ऐकलंस हे विचारणाऱ्या डोळ्यांनी. त्यांनी वाचायच्या आत सदफने तोंड भिंतीकडे फिरवलं.